दोन आट्यांवरचा पुलर

शुद्धलेखन चुकलं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. माझी शाळा लहानपणीच सुटली, म्हणून शब्दही साधेच आहेत.

बाजाराच्या एका गावात एक वृद्ध कारागीर राहत असत. सगळे त्यांना तात्या म्हणत. हात थरथरू लागल्यावर त्यांनी सायकलींचं दुकान बंद केलं; पण घराच्या ओट्यावर ते दोघा शिष्यांना आपली विद्या शिकवीत. धोंडीराम जुना, जनू नवा.

तात्यांकडे त्यांच्या गुरूंनी दिलेला एक पुलर होता. पायडल ज्या दांड्याला बसतं तो क्रँक. त्याचा बोल्ट काढला तरी तो एक्सल, म्हणजे मधला आस, सोडत नाही आणि हातोडीने ठोकला तर वाकतो. पुलर क्रँकच्या आट्यांमध्ये, म्हणजे आतल्या गोल फिरत्या खाचांमध्ये, फिरवून पुरता आत बसवायचा, मग त्याचा मधला स्क्रू पिळायचा, की क्रँक अलगद हातात येतो. तेलकट फडक्यात गुंडाळलेला हा पुलर ओट्यावरून कधी खाली उतरला नव्हता.

एका संध्याकाळी तात्यांनी तो जनूच्या हाती दिला. "घरी ने. काम उरकून उद्या आण."

धोंडीराम चाकाचे आरे आवळत होता. तो आवळतच राहिला, चाक वाकडं होईपर्यंत. घरी गेल्यावर ताटात भाकरी तशीच राहिली. त्याच्या मनात एकच होतं: ज्याला कालपर्यंत पाना कुठला नि पकड कुठली हे कळत नव्हतं, त्याच्या घरी आज गुरूंचा पुलर. तात्या चहाही आधी जनूलाच देतात, हे त्याला आता आठवलं. जनू धाकटा म्हणून देत असतील, असं मात्र त्याच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जनूने पुलर परत आणला.

"या, लाडोबा," धोंडीराम म्हणाला. "आटे शाबूत आहेत ना, की तात्यांना नवा पुलर घ्यायला लावतोस?"

"आहेत, दादा. बाबांच्या सायकलला नवा क्रँक बसवला, ते तीच घेऊन कामाला गेले. अजून काही करायचं राहिलंय का त्यात?"

राहिलं होतं. नवा बसवलेला क्रँक पहिल्या फेरीनंतर थोडा सैल पडतो. बोल्ट पुन्हा आवळावाच लागतो, नाहीतर क्रँक आतून झिजून कायमचा वाया जातो. धोंडीरामला हे पाठ होतं.

"मला काय विचारतोस? ज्यांनी पुलर दिला त्यांना विचार."

जनूने दारातून आत डोकावलं. तात्या आत पडून होते. त्यांना उठवायचं त्याला धारिष्ट्य झालं नाही. पण तात्या जागे होते.

संध्याकाळी तात्यांनी स्वतःची सायकल ओट्यापुढे उभी केली. "धोंडीराम, हिचा क्रँक काढ. पुलर घे."

धोंडीरामचा चेहरा उजळला. जनू बघतोय ना, हे त्याने आधी पाहिलं. मग बोल्ट काढला, आटे पुसले, पुलर हाताने फिरवायला घेतला. दोन आटे बसले असतील.

"पुरे," तात्या म्हणाले. "आता पीळ."

"तात्या, अजून पुरता आत गेला नाही."

"मी सांगतोय ना. का जनूला सांगू?"

ते शेवटचे शब्द त्याला झोंबले. त्याने जोर लावला. करकर आवाज झाला आणि पुलर उपटून हातात आला. त्याला क्रँकचे आटे चांदीच्या तारेसारखे गुंडाळलेले. क्रँक जिथल्या तिथे होता.

धोंडीरामला मान वर करवेना. "तुमचा चांगला क्रँक गेला."

"गेला. हे दाखवायला दुसऱ्याचा क्रँक मी घेतला नसता." तात्या ओट्यावर टेकले. "तुला कळत होतं, तरी पिळलंस. कारण समोर जनू होता. जनूला तू किती ओळखतोस? त्याच्या वडिलांचा डावा गुडघा वाकत नाही. आखूड क्रँक बसवला तर पाय फार वर उचलावा लागत नाही. पहाटे ते त्याच सायकलवर कामाला जातात, सायकल दिवसा इथे आणता येत नाही, म्हणून पुलर त्यांच्या घरी गेला. मान म्हणून नव्हे, अडचण होती म्हणून. माणसात पुरतं आत शिरल्याशिवाय त्याला ओढू नये, बाबा. दोन आट्यांवर ओढलं की त्याचं तर काही सुटत नाहीच, वर त्याला आतून खरवडून येतो आपण."

जनू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. धोंडीरामने आट्यांची तार सोडवली, पुलर रॉकेलने पुसला, फडक्यात गुंडाळला आणि तात्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. बोल्ट पुन्हा आवळायची गोष्ट मात्र तात्यांनी काढलीच नव्हती; ती त्याच्याजवळ उरली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो बोल्ट आवळायचा बॉक्स पाना घेऊन जनूच्या दारात गेला. जनूचे वडील डबा अडकवून निघायच्या बेतात होते.

"काका, थांबा जरा," तो म्हणाला. "जनू, इकडे ये. हे मी काल सांगायला हवं होतं." आणि पाना त्याने जनूच्या हातात दिला.