किर्रूची हाक आणि धुम्मूचा कोपरा

ऐका हं! कान इकडे करा. एक नाही, दोन्ही!

एक होता रातकिडा. शेंगदाण्याएवढा. नाव किर्रू. त्याचं घर गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीत.

किर्रू दिवसभर हुंदडायचा. टुणुक टुणुक! संध्याकाळी हाक मारायचा, "किर्र?"

कुंडीतून आई म्हणायची, "किर्र किर्र!"

आवाज आला, की तिकडे घर. वाट लक्षात ठेवायची कशाला?

एके दिवशी काय झालं? घरातल्या छोट्या नमूच्या बाबांनी आणले नवे स्पीकर. दोन लांबडे, उभे. एक मधला, आडवा. आणि एक काळा, चौकोनी, ढब्बू सबवूफर. तो नुसता धुम्म धुम्म करी. म्हणून त्याचं नाव पडलं धुम्मू. बाबांनी त्याला ठेवला कोपऱ्यात.

संध्याकाळी टीव्ही लागला. धुम्म! धुम्म! किर्रू होता टीव्हीखाली.

"किर्र?" धुम्म!
"किर्र?" धुम्म!

आईचा आवाजच येईना. आता घर कुठे? किर्रूला रडू आलं. खूप रडू आलं. मग त्याने डोळे पुसले. टुणुक टुणुक, गेला धुम्मूकडे.

"धुम्मूदादा, धुम्मूदादा, कोपरा सोड ना!
आईपर्यंत हाक जाईना!"

धुम्मू म्हणाला, "मी नाही जा! कोपऱ्यात मी घुमणारच. वायर सैल झाली, तर येईन बाहेर."

टुणुक टुणुक, किर्रू गेला वायरकडे.

"वायरताई, वायरताई, सैल हो ना!
धुम्मू कोपरा सोडेना,
आईपर्यंत हाक जाईना!"

वायर म्हणाली, "मी नाही जा! सोफ्याच्या पायाखाली अडकलेय. सोफा सरकला, तर होईन सैल."

टुणुक टुणुक, किर्रू गेला सोफ्याकडे.

"सोफाकाका, सोफाकाका, सरका ना!
वायर सैल होईना,
धुम्मू कोपरा सोडेना,
आईपर्यंत हाक जाईना!"

सोफा म्हणाला, "मी नाही जा! माझ्यावर आजोबा बसलेत. ते उठले, तर सरकेन."

टुणुक टुणुक, किर्रू गेला आजोबांकडे.

"आजोबा, आजोबा, उठा ना!
सोफा सरकेना,
वायर सैल होईना,
धुम्मू कोपरा सोडेना,
आईपर्यंत हाक जाईना!"

आजोबा म्हणाले, "मी नाही उठत जा! नुसतं धुम्म धुम्म. बातम्यांतलं एक अक्षर कळत नाही. मधला स्पीकर नीट बोलला, तर उठेन."

टुणुक टुणुक, किर्रू गेला मधल्याकडे.

"मधलेराव, मधलेराव, बोला ना!
आजोबा उठेनात,
सोफा सरकेना,
वायर सैल होईना,
धुम्मू कोपरा सोडेना,
आईपर्यंत हाक जाईना!"

मधला म्हणाला, "म्म्म म्म्म!"

अगं बाई! त्याच्या तोंडावर रुमाल! या घरात नवी वस्तू आली, की आजी तिला विणलेला रुमाल घालते. टीव्हीला घातला. फ्रिजला घातला. मधल्यालाही घातला, थेट तोंडावरून.

टुणुक टुणुक, किर्रू चढला रुमालापाशी.

"रुमालभाऊ, रुमालभाऊ, निघ ना!
मधला बोलेना,
आजोबा उठेनात,
सोफा सरकेना,
वायर सैल होईना,
धुम्मू कोपरा सोडेना,
आईपर्यंत हाक जाईना!"

रुमाल म्हणाला, "मी नाही जा! मी शोभेचा. कोणी ओढलं, तर निघेन."

कोण ओढणार?

तेवढ्यात आली नमू. रांगत रांगत, थप थप थप. नमूला दोनच दात. तिला बोलता येत नाही. पण हलणारं काहीही ती पकडते!

किर्रू घाबरला. पण आई हवी होती ना? त्याने उडी मारली, ती रुमालाच्या टोकावर. आणि लागला नाचायला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

"ता!" नमू म्हणाली. तिने टोक धरलं. किर्रू उडाला टुणुक! नमूने ओढलं फर्रर्र!

रुमाल निघाला.
मधला बोलला.
आजोबा म्हणाले, "अरे वा, कळलं की सगळं! आता चहा घेतो." आजोबा उठले.
सोफा सरकला, सर्र!
वायर सैल झाली, सळसळ!
धुम्मूने कोपरा सोडला. आता तो हळूच वाजला. दुम. दुम.

आजी आली. "माझा रुमाल कुणी ओढला गं?" तिने तो घातला धुम्मूच्या डोक्यावर. तिथे चालतो!

किर्रूने श्वास घेतला. हळूच म्हणाला, "किर्र?"

गॅलरीतून आवाज आला.

"किर्र किर्र! किर्र किर्र! किर्र किर्र!"

टुणुक टुणुक टुणुक टुणुक! किर्रू पोचला कुंडीत. आईचा घसा पार बसला होता.

"कुठे होतास रे? मी केव्हाची हाका मारतेय!"

किर्रू आईच्या कुशीत, तुम्ही आमच्या कुशीत. झाली गोष्ट!