अळणी जेवणारा पारखी

ऐका मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. फार फार पूर्वी एका खडकाळ डोंगरावर एक गाव होतं. त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही.

त्या डोंगरावर ज्वारी पिकत नसे, बाजरी पिकत नसे. पिकत ती फक्त द्राक्षं. गाव वर्षभर वेली छाटी, मांडव सावरी, पाखरांपासून घड राखी. तोडणी झाली की सगळ्यांची द्राक्षं एकत्र तुडवून रस चाळीस रांजणांत भरी. त्या रसाचं आसव झालं की सपाटीवरचे लोक धान्याच्या गाड्या घेऊन वर येत. एका रांजणाला एक गाडी ज्वारी, असा रिवाज होता. चाळीस रांजण म्हणजे गावाची वर्षभराची भाकरी.

पण रस आंबणं हे मोठं लहरी काम. आत रस खदखदत असताना रांजणाचं तोंड मातीनं लिंपलं, तर रांजण फुटतो. खदखद थांबल्यावर तो उघडा राहिला, तर आसवाचा आंबट शिरका होतो. लिंपायचा नेमका दिवस सांगायचा तो गावाच्या पारख्यानं.

पारखी रोज पळीभर रस जिभेवर घेई, डोळे मिटी आणि म्हणे, “अजून थांबा.” मग एके दिवशी म्हणे, “लिंपा.” तीस वर्षं त्याचा शब्द चुकला नव्हता. लग्नात पहिलं पान त्याचं, हंगामातला पहिला घड त्याचा. जीभ बिघडू नये म्हणून तो तिखट-मीठ खात नसे. त्याच्यापायी त्याच्या बायकोनंही तीस वर्षं अळणी आमटी गिळली होती. तिला कुणी पहिलं पान वाढलं नाही, ते असो.

एका वर्षी तोडणीच्या तोंडावर पारख्याला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, पण जाताना चव घेऊन गेला. पारख्यानं गूळ चाखला, चिंच चाखली, कडुनिंबाचा पाला चावून पाहिला. सगळं सारखंच, राख चघळावी तसं.

बायकोला कळायला वेळ लागला नाही. शेजारणीनं दिलेला मिरचीचा ठेचा चुकून त्याच्या भाकरीवर वाढला गेला, आणि त्यानं तो हूं की चूं न करता खाल्ला.

“अहो, तिखट लागलं नाही तुम्हाला?”

“हळू बोल,” तो म्हणाला. “गावाला कळलं तर मला कोण विचारणार?”

“आणि रांजणांचं काय?”

“तीस वर्षं केलंय. अंदाजानं सांगेन.”

“अंदाजानं?” बायको म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी तशीच करपत राहिली.

द्राक्षं तुडवली गेली, कोठारात रांजण भरले गेले. पारखी रोज पळी तोंडाला लावी आणि डोळे मिटी. मिटल्या डोळ्यांआड तो नुसते दिवस मोजत असे. बहुतेक वर्षी दहाव्या दिवशी लिंपलं होतं, तर यंदाही दहावाच धरू. पण यंदा थंडी लवकर पडली होती. थंडीत रस हळू आंबतो की भरभर? तीस वर्षांत त्याला हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण जीभ परस्पर सांगत असे. आता कुणाला विचारावं, तर बिंग फुटणार. कुणी सहज “काय पारखीबाबा, कसं आहे यंदा?” म्हटलं तरी त्याला घाम फुटे.

दहाव्या दिवशी सगळं गाव कोठारापुढे जमलं. पारख्यानं पळी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

“लिंपा,” तो म्हणाला.

रांजण घडवणारी म्हातारी कुंभारीण तेव्हा एका रांजणाला कान लावून उभी होती. तिनं चमकून वर पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पारख्यानं ते पाहिलं आणि नजर वळवली.

कालवलेली माती बारा रांजणांनाच पुरली. बाकीचे उद्या लिंपायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोठारातून धाडकन आवाज आला. मग आणखी एक, मग आणखी. लोक पोचेपर्यंत आठ रांजण फुटले होते आणि रस उंबऱ्यावरून वाहत होता. उरलेल्या चार रांजणांचे लेप त्यांनी भीत भीत फोडले. आठ गाड्या ज्वारी मातीत गेली होती. कुणी रडू लागलं, कुणी दोषी शोधू लागलं.

पारख्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे वळले ते कुंभारणीकडे.

“म्हातारे, रांजण कच्चे भाजलेस!”

“नाही रे बाबांनो. आत अजून खदखदत होतं. काल मी माझ्या कानानं ऐकलं.”

“पारख्याच्या जिभेपेक्षा तुझा कान शहाणा का? मोडा हिची भट्टी! काढा हिला गावाबाहेर!”

सुटलो, असं पारख्याला वाटलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर त्याला अगदी हलकं वाटलं. दोघेतिघे पहारी घेऊन भट्टीकडे निघालेसुद्धा.

कुंभारीण भांडली नाही. ती पारख्यापुढे येऊन उभी राहिली.

“पारखीदादा, तुमची जीभ कधी खोटं बोलली नाही. तुम्हीच सांगा, रस तयार होता का?”

पारख्यानं बायकोकडे पाहिलं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “तापात माझी चव गेली. गूळ आणि राख मला सारखीच लागते. मी दिवस मोजून सांगितलं. हिचे रांजण पक्के होते. चूक माझी आहे.”

पहारी खाली आल्या. मग जो गलका उठला, ज्या शिव्या पडल्या, त्या त्यानं मान खाली घालून ऐकल्या. शेवटी कुणीतरी रडकुंडीला येऊन विचारलं, “पण उरलेल्या बत्तीस रांजणांचं आता कोण सांगणार?”

“मी सांगेन,” कुंभारीण म्हणाली. “मीच घडवलेत ते. त्यांच्या पोटातलं मला ऐकू येतं. तीस वर्षं ऐकतेय. कुणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाही.”

पुढचे सहा दिवस गाव जीव मुठीत धरून बसलं. कुंभारीण एकेका रांजणाला कान लावी. आतल्या बाजूचे रांजण आधी शांत झाले, दाराजवळचे गार रांजण मागे राहिले. ती सांगे तो रांजण लोक लिंपत, आणि माती कालवायला पारखी स्वतः बसे. एकही रांजण फुटला नाही, एकाचाही शिरका झाला नाही.

गाड्या आल्या, पण बत्तीसच. त्या वर्षी शेवटचे काही महिने गावानं एक वेळ जेवून काढले. पारख्यानं आपल्या घरी ते सगळ्यांच्या आधी सुरू केलं होतं.

नव्या हंगामातला पहिला घड लोकांनी सवयीनं पारख्याच्या हातात दिला. तो त्यानं तसाच नेऊन कुंभारणीच्या ओंजळीत ठेवला. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “आता तरी आमटीत मीठ घालू का?”

“घाल,” तो म्हणाला. “आणि कशी झालीय ते मला सांग.”

तात्पर्य एवढंच: जो आपली उणीव लपवतो, त्याच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होते; जो ती वेळेवर सांगतो, त्याला ती भरून काढणारं माणूस शेजारीच भेटतं.