सख्ख्या भावाचा पुरावा

एका गावात एक भोळा सुतार होता असं सांगायचं, तर तो गावात नव्हताच. विश्राम होता अबुधाबीत, दारं-खिडक्या बसवत. थोरली बहीण सुमती अमेरिकेत. आईवडील गेलेले, ही दोघंच उरलेली. भावाला कायमचं जवळ आणावं म्हणून तिने तिथल्या सरकारकडे अर्ज केला, त्याला चौदा वर्षं झाली. चौदा भाऊबिजा तिने फोनलाच ओवाळलं. शेवटी एकदाचा नंबर लागला.

आधी फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, 'कायमचा पत्ता'. विश्राम विचारात पडला. इथली खोली कंपनीची. गावचं घर चुलत्याच्या ताब्यात. माणसाचं कायमचं असं असतं काय? त्याने लिहिलं, 'गावचं स्मशान, नदीपलीकडे'.

ताईचा फोन आला.

"अरे, जिवंत आहेस ना?"

"आहे की."

"मग कुणी 'कुठे' विचारलं, की आत्ता जिथे आहेस ते सांगायचं!"

"बरं, ताई."

मग डॉक्टरी तपासणी. नर्सने विचारलं, "जन्म कुठे झाला?"

विश्रामने खाली पाहिलं. "या खुर्चीत."

नर्सने खुर्चीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आणि त्याला आधी डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यात महिना गेला.

ताईने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, जन्माच्या वेळी तुला काही कळत होतं का? कळत होतं ते आईला. असलं जुनंपानं विचारलं, की आई सांगायची तेच सांगायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आणि ऊठसूट मला फोन करू नकोस, इथे तेव्हा रात्र असते!"

"बरं, ताई."

मुलाखतीचा दिवस उजाडला. विश्राम इस्त्रीचा शर्ट घालून वकिलातीत गेला. काचेपलीकडे गोरा साहेब, शेजारी दुभाषी बाई.

"सुमती तुमची सख्खी बहीण का?" बाईंनी विचारलं.

जुनी गोष्ट होती. विश्रामने डोकं चालवलं नाही.

"आई सांगायची, मला बोहारणीकडून घेतलं. दोन जुनी लुगडी दिली होती. खरं तर पातेलं घ्यायचं होतं, पण ते गळकं निघालं. म्हणून बदल्यात मी."

बाईंनी भाषांतर केलं. साहेबाचं पेन थांबलं.

"आणि बहीण?"

"ती होती ना तिथे! सहा वर्षांची. तिनेच निवडलं मला. म्हणाली, पातेल्यापेक्षा हाच बरा."

साहेब म्हणाला, "महिन्याभरात नात्याचा पुरावा आणा. नाहीतर अर्ज बंद."

आता विचारायचं कुणाला? ताईकडे रात्र. विश्रामने रजा टाकली, विमान पकडलं, थेट गाव गाठलं. आठवडी बाजारात एक म्हातारी बोहारीण भांडी मांडून बसली होती. त्याने तिला सगळी हकिकत सांगितली.

"मला नाही बाबा आठवत," ती म्हणाली.

त्याने दोन नवे शर्ट पुढे ठेवले.

"आठवलं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी विश्राम छाती काढून काचेसमोर उभा राहिला. कागद आत सरकवला. चांगला स्टॅम्प पेपर होता, खाली ठसठशीत अंगठा. बाईंनी वाचून दाखवलं: 'मी बोहारीण लिहून देते, की हे पोर मीच दोन लुगड्यांना दिलं. बहिणीशी त्याचा काही संबंध नाही. दिलेला माल परत घेतला जाणार नाही.'

साहेबाने ते दोनदा ऐकलं. मग अर्जावर शिक्का मारला: 'नातं नाही. नामंजूर.'

शिक्का इंग्रजीत होता आणि दुभाषी बाई तोवर पुढच्या माणसाकडे वळल्या होत्या. विश्रामला काही वाचता आला नाही. पण इतक्या वर्षांत या अर्जाचं काही इतक्या झटपट होताना तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याला राहवेना. बाहेर येऊन त्याने ताईला झोपेतून उठवलं.

"ताई, काम झालं! पुरावा दिला आणि साहेबाने जागच्या जागी शिक्का मारला!"

ताईला हुंदका फुटला. "चौदा वर्षं रे, विश्राम! कसला शिक्का मारला?"

"मोठा," विश्राम म्हणाला. "लाल."