पेवाला सांगितलेली खोड

निंबसरीचा जुना बाजार मंगळवारी भरतो. ऊन तापायच्या आत नदीकाठचा हा माळ असा भरून जातो, की दोन गोणपाटांमधून पाऊल टाकायला जागा सापडत नाही. तरी मधोमध तो गोल दगड आहे ना, त्याच्याभोवती चार पावलांची जागा कायम मोकळी असते. मधली जागा म्हणजे बाजारातली सगळ्यात चांगली जागा, पण तिथे कोणी कधी पथारी टाकलेली मी पाहिली नाही. पाहुणे विचारतात, इथे कुठला देव आहे? देव नाही. त्या दगडाखाली पेव आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. इथला विक्रेता वस्तूचा भाव आधी सांगत नाही, आधी तिची खोड सांगतो. कढई असेल तर म्हणेल, कान हलतो. खुर्ची असेल तर म्हणेल, एक पाय आखूड आहे. मग भाव. मोकळी जागा आणि ही रीत, दोन्हींची हकिकत एकच आहे. माझ्या आत्यानं मला जशी सांगितली तशी सांगतो.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम शिरेल एवढं अरुंद, खाली पोट खोलीएवढं रुंद. त्यात हळद भरायची, तोंडावर दगड ठेवायचा. हा सगळा माळ पूर्वी अशा पेवांनी पोखरलेला होता, आणि वर बाजार भरायचा.

तो बाजार तेव्हा फसवणुकीसाठी चार गावांत नावाजलेला होता, असं सांगतात. तडा गेलेला रांजण चुन्यानं लिंपून द्यायचे, विरलेलं घोंगडं घडी न मोडता द्यायचे. लोक घरी जाऊन हळहळायचे आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा यायचे, कारण नवी वस्तू घेण्याची ऐपत नव्हती. गिऱ्हाईक अडलेलं आहे हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्यात बायजाक्का सगळ्यात हुशार. नवरा गेल्यावर एकटीनं पथारी चालवणारी बाई. बोलणं इतकं गोड, की तिच्यापुढे थांबलेला माणूस रिकाम्या हातानं हलत नसे म्हणे.

एका मंगळवारी तिच्याकडे सिदाप्पा आला. पेवात उतरून हळद वर काढणारा हमाल, तिशीतला, कमी बोलणारा. त्याला शिडी हवी होती. बायजाक्काकडे एक उंच बांबूची शिडी होती. तिची वरून तिसरी पायरी चिरलेली होती. बायजाक्कानं स्वतःच त्या चिरेत लाख भरली होती आणि वरून तेल-हळद चोळली होती. सिदाप्पानं शिडी हातानं चाचपली आणि विचारलं, "अक्का, काही खोड असली तर आताच सांगा. मला हिच्यावरून पेवात उतरायचंय."

"माझ्या बापानं बांधलेली आहे," बायजाक्का म्हणाली. "तुझी नातवंडं हिच्यावर चढतील."

बापाचा आणि त्या शिडीचा काही संबंध नव्हता.

त्याच दिवशी दुपारी बाजाराच्या मधोमध असलेलं पेव उघडलं. वाफ जाऊ दिली, दिवा सोडून हवा पाहिली आणि सिदाप्पा उतरला. पहिली गोणी पाठीवर घेऊन तो वर येत होता. डोकं तोंडापर्यंत आलं आणि तिसरी पायरी मोडली. माणूस, गोणी आणि शिडी एकदम खाली गेले. जाताना शिडीचा हिसका पेवाच्या गळ्याला बसला, कडेची माती ढासळली, आणि तोंडाशी टेकवून ठेवलेला दगड घसरून गळ्यात तिरका अडकला. माती खाली बसल्यावर लोकांनी वाकून पाहिलं. तळहात जाईल एवढी फट उरली होती. तिच्यातून आवाज आला, "पाय मोडलाय. जिवंत आहे."

दगड हलवावा तर तो त्याच्यावरच पडणार. म्हाताऱ्या हमालांनी ठरवलं, की शेजारच्या रिकाम्या पेवात उतरायचं आणि तिथून आडवं भुयार खणायचं. मध्ये बारा हात कडक माती होती, आणि खणायला एका वेळी एकच माणूस मावत होता. लोहारानं आपला भाता आणला, पोकळ वेळू फटीतून खाली सोडला आणि वारा द्यायला सुरुवात केली. म्हातारे म्हणाले, त्याला झोपू देऊ नका. कोंडलेल्या पेवात माणसाला झोप येते आणि त्या झोपेतून तो उठत नाही. कोणीतरी सारखं बोलत राहायला हवं.

बोलण्यात बायजाक्काचा हात कोण धरणार? सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मोडलेली पायरी आधीच चिरलेली होती, हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. ती उठली आणि फटीला तोंड लावून पालथी झोपली. निघून जावं असं तिला वाटलं असेलही, पण चारी बाजूंनी माणसं होती आणि खाली तो होता.

आधी तिनं आपलं नेहमीचं गोड बोलणं सुरू केलं. झालंच बाबा, हात-दोन हात राहिलेत, आत्ता काढतात. असं तिनं संध्याकाळपर्यंत चालवलं. खालचा आवाज क्षीण होत गेला. मग सिदाप्पा म्हणाला, "अक्का, दुपारपासून हात-दोन हातच राहिलेत. मला अंधारात काही दिसत नाही. निदान खरं तरी ऐकवा."

बायजाक्कानं मान वळवून, किती खणून झालं ते जवळच्यांना विचारलं. मग तिनं सांगितलं, दहा हात राहिलेत. उद्याचा दिवस जाईल, कदाचित परवाही उजाडेल. आणि ते बोलून झाल्यावर तिच्या तोंडून पुढचंही निघालं.

"तिसरी पायरी चिरलेली होती, सिदा. मला ठाऊक होतं. लाख मीच भरली."

भाता चालवणारा लोहार थांबला. आजूबाजूची माणसं ऐकत होती. खालून काही आवाज आला नाही. ती हाका मारत राहिली. तो मेला, की त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं, हे कळायला मार्ग नव्हता. आत्या म्हणायची, तेवढा वेळ बायजाक्काच त्या पेवात होती.

शेवटी खालून आवाज आला. "आणखी काय काय असं विकलंत?"

तिनं सांगायला सुरुवात केली. रांजणाचा तडा, समईची डाग देऊन जोडलेली दांडी, घोंगड्याची कसर, एकेक वस्तू, एकेक खोड, ज्याला विकली त्याचं नाव घेऊन. सिदाप्पा मधूनमधून विचारायचा, मग त्या बाईनं समईचं काय केलं? आणि ती सांगायची. राग आला की माणूस जागा राहतो. तो रागानं जागा राहिला, असं सांगतात.

बुधवारी दुपारी तिचं सगळं संपलं. गळा बसला, पथारीवर सांगण्यासारखी एकही वस्तू उरली नाही. खालचा माणूस पुन्हा अडखळायला लागला. तेव्हा तांब्या-पितळेची भांडी विकणारा एक म्हातारा पुढे आला, तिला बाजूला सरकवून पालथा पडला आणि म्हणाला, "सिदाप्पा, मी दामू. माझ्या घागरीच्या बुडाचं ऐक." त्याच्यानंतर दुसरा आला, मग तिसरी. बाजार भरून दुसरा दिवस लागला होता, तरी कोणी घरी गेलं नव्हतं. गिऱ्हाइकं उभी होती आणि आपापल्या घरातल्या वस्तूंच्या खोडी ऐकत होती. म्हणे, एकानंही कोणावर हात उगारला नाही.

गुरुवारी सकाळी भुयार फुटलं आणि सिदाप्पाला ओढून काढलं. बायजाक्का समोर हात जोडून उभी होती. तिनं त्याला शब्द दिला, की यापुढे खोड सांगितल्याशिवाय या हातांनी वस्तू द्यायची नाही. त्यानं माफ केलं असं मी सांगणार नाही, कारण आत्यानं तसं सांगितलं नाही. त्याचा पाय कायमचा गेला. मात्र पुढच्या मंगळवारी तो कुबडीवर आला, तिच्यासमोर बसला, एक लोटा उचलला आणि नुसता वाट पाहत राहिला. ती म्हणाली, काठाला पोचा आहे. त्यानं लोटा घेतला.

त्या मंगळवारी बाजारात कधी नव्हती एवढी गर्दी झाली, असं सांगतात. खोडीसकट वस्तू घेऊन गेलेला माणूस घरी जाऊन रडत नाही.

पेवाचं तोंड पुढे दगडानं बुजवलं, पण फट ठेवली, आणि तिच्याशी वाकता यावं म्हणून भोवतीची जागा मोकळी सोडली. आजही कोणी विक्रेता म्हणाला, माझ्या वस्तूला काहीच खोड नाही, तर गिऱ्हाईक भांडत नाही. एवढंच म्हणतं, "जा, पेवाला सांग."

मीही एकदा गेलो होतो. तरुण होतो, भिंतीवरचं एक घड्याळ मला विकायचंच होतं, म्हणून काहीच खोड नाही म्हणालो होतो. वाकलो, फटीला तोंड लावलं. आतून गार, जुन्या हळदीच्या वासाची हवा गालाला लागली. मग उठलो, परत येऊन गिऱ्हाइकाला सांगितलं, रोज पाव तास मागे पडतं. तो हसला, म्हणाला, रोज सकाळी काटा पुढे करीन, आणि काखेत मारून घेऊन गेला.