तळे ढवळणारा रंगारी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नाव आता कुणालाच सांगता येत नाही. त्या राज्यात एक रंगारी होता. मनाने चांगला, हाताने कसबी, पण क्षणभर स्वस्थ बसेल तर शपथ.

एकदा एका व्यापाऱ्याने त्याला नवी पूड विकली. ती मुळाफुलांची नव्हती, माणसाने भट्टीत घडवलेली होती. तिने रंगवलेले लुगडे शंभर वेळा धुतले तरी लालभडक राहायचे. रंगारी हरखून गेला. हौदातले उरलेले पाणी तो नेहमीसारखे ओढ्यात सोडत राहिला. ओढा जाऊन मिळत होता खालच्या गावच्या तळ्याला. आता जो रंग लुगड्यावरून जात नाही, तो तळ्यातून तरी कसा जाईल?

त्याच गावी त्याची एकुलती एक लेक दिली होती. एक दिवस ती लाल पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली.

"बाबा, गुरं तळ्याला तोंड लावत नाहीत. पोरांची पोटं बिघडलीत. आठ दिवसांत पाणी निवळलं नाही, तर सगळा गाव उठून जाणार. चार दिवसांच्या वाटेवर दुसरं रान बघून ठेवलंय."

रंगाऱ्याच्या काळजात चर्र झाले. त्याने तेव्हाच ओढ्याकडची मोरी बुजवली. पण तळ्यात साचलेल्या रंगाचे काय? तो अंगणभर येरझारा घालू लागला. घराच्या मागे एक जुना खड्डा होता. त्यातही रंगाचे पाणी सांडायचे, तरी ते नितळ दिसत होते. खाली नुसता काळा, घाणेरडा गाळ.

"हे कसं काय?" त्याने खड्ड्यातल्या म्हाताऱ्या बेडकाला विचारले.

"या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात," बेडूक सावकाश म्हणाला. "ते रंग खातात. थोडा गाळ ने, वर गूळ घाल, आणि मग..."

ऐकायला रंगारी होताच कुठे? तो गाडी जुंपायला पळाला होता.

त्याने तळ्यात गाळ ओतला, गूळ ओतला आणि तराफ्यावर उभा राहून लांब बांबूने तळे ढवळू लागला. रंगाऱ्याच्या घरात मूल चालायच्या आधी एक गोष्ट शिकते: हौद ढवळत राहा, नाहीतर कापडावर डाग पडतात. तो सकाळी ढवळी, दुपारी ढवळी, संध्याकाळी ढवळी. तळहातांना फोड आले. पाणी लालच्या लाल.

सातव्या दिवशी तो चिडून बेडकाकडे गेला. "फसवलंस मला."

"मी काय सांगत होतो? 'आणि मग पाण्याला हात लावू नकोस.' तू ऐकायला थांबलासच नाहीस. हे जीव वाऱ्याचे वैरी. तू ढवळतोस, पाण्यात वारा शिरतो, ते जेवण टाकतात. चार दिवस त्यांना जेवू दे."

रंगारी धावत लेकीकडे गेला. "पोरी, फक्त चार दिवस थांबा."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. "माझ्या एकटीच्या हातात असतं तर थांबले असते. पण बाबा, तुम्हाला सात दिवस ढवळताना सगळ्या गावानं पाहिलंय. आता कोण विश्वास ठेवेल?"

नवव्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या. रंगारी तळ्याच्या बांधावर बसून राहिला. हात शिवशिवत होते. ते मांड्यांखाली दाबून तो रडला, पण पाण्याला त्याने बोट लावले नाही. अकराव्या दिवशी तळ्याचा तळ दिसू लागला. एक बगळा उतरला आणि खुशाल पाणी प्यायला.

रंगारी धापा टाकत नव्या रानात पोहोचला. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या होत्या, विहिरीला पाणी लागले होते.

"तळं निवळलं गं," तो म्हणाला.

लेकीने त्याला बसायला घोंगडी दिली, पाणी दिले. मग हळूच म्हणाली, "आता उशीर झाला, बाबा. तुम्हीच येत जा अधूनमधून."

तळे पुढे कायम नितळ राहिले. काठावर माणूस मात्र एकच होता, तो रंगारी.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, लक्षात ठेवा: काम सुरू करून दिल्यावर ते करणाऱ्याला करू देणे, हेही एक कामच आहे.