संघाचा पासवर्ड कुणापाशी

"आपल्या घराची किल्ली परक्याच्या हाती द्यावी का, आक्का? एवढंच सांगा. हो की नाही?"

सातगोंडा मगदूम अजून पायरीवरच होता. बूट काढायचे राहिले होते, प्रश्न मात्र आधीच ओसरीवर जाऊन बसला होता.

नीलाक्का चिंचा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बूट काढ."

तालुक्याच्या दूध संघात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हात लावायला सगळे भ्यायले होते. नीलाक्का पुढं झाल्या. कुणी शिकवलं नाही. उघडला, बिघडवला, परत जोडला, शिकल्या. सातगोंडाला त्यांनीच घडवला. मग निवृत्त झाल्या, टेकडीवरच्या मठात एक खोली मागून घेतली आणि खाली उतरायचं बंद केलं. संघातल्या त्यांच्या खुर्चीवर आता तो बसत होता.

"दमलेला दिसतोस."

"दमायला तरी फुरसत कुठं आहे?"

"बोल मग."

संघाचं सगळं आता एका कंपनीच्या क्लाउडवर जाणार होतं. दूध संकलन, वजनकाटा, लॅब, बिलं, हजेरी. आजवर प्रत्येक कामाचा पासवर्ड वेगळा. माणसं ते विसरायची, भिंतीवर लिहून ठेवायची, चुकीचे टाकून स्वतःलाच कुलूप लावून घ्यायची. आता सकाळी एकदा लॉगिन केलं, की सगळी दारं उघडी. इथवर साऱ्या संघाचं एकमत होतं. भांडण पुढंच होतं.

"पासवर्ड खरा का खोटा, हे तपासायचं कुणी?" सातगोंडा म्हणाला. "कंपनीवाले म्हणतात, पासवर्डचा ठसा आमच्याकडं ठेवा, आम्ही इथंच तपासतो. मी म्हणतो, मुळीच नाही. माणूस दारात आला, की क्लाउडनं आधी आपल्या हेड ऑफिसच्या सर्व्हरला विचारायचं, हा तुमचाच का? आपण हो म्हटलं तरच दार उघडायचं. किल्ली आपल्या घरात राहते."

"कंपनी पासवर्ड मागतीय?"

"पासवर्ड नव्हे. वाटून बारीक केलेला ठसा. त्यातनं मूळ पासवर्ड निघत नाही म्हणतात."

"म्हणतात?"

"...निघत नाही."

"चटणी वाटल्यावर तिच्यातनं आख्खी मिरची निघंल का?"

"नाही."

"मग भ्या कशाचं?"

त्यानं आवाज चढवला.

"उद्या संचालक मंडळ सही करणार आहे, आक्का. दोघं-तिघं कंपनीकडं झुकलेत. तुम्ही चेअरमनना एक फोन टाका. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत."

आक्कांनी एक चिंचोका बाजूला टाकला.

"इचारायला आलायस, का शिक्का मारून घ्यायला?"

...

सातगोंडाचा फोन वाजला.

"हां, खोत मामा... कॅपिटल टाकलंय का बघा... बरं, हात लावू नका. खोलून देतो."

मांडीवर लॅपटॉप उघडून त्यानं मामांच्या खात्याचं कुलूप काढलं. डोळे चोळले.

"डॉकवर दूध उतरवून घेतात ते खोत मामा. टँकर आला, की यांचं हमखास अडकतं."

"कुलूप तूच काढतोस?"

"मीच. दुसऱ्या कुणाला तो अधिकारच दिलेला नाही." छाती जरा पुढं आली, आणि त्याच दमात खांदे खाली आले. "रात्र नाही, दिवस नाही. लेकीच्या साखरपुड्यातसुद्धा कोपऱ्यात बसून हेच करत होतो."

"वैशाखात काय झालं हुतं रं?"

सातगोंडानं मान खाली घातली.

वैशाखात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं हेड ऑफिसची केबल तोडली. सर्व्हर चालू होता, पण डॉकवरून तिथवर पोचताच येईना. लॉगिन नाही, म्हणून वजनकाट्याची पावती नाही. पावतीशिवाय टँकर रिकामा करायचा नाही, हा संघाचा नियम. मोडणार कोण? टँकर उन्हात उभे राहिले. संध्याकाळी गावोगावचं दूध मागच्या ओढ्यात सोडावं लागलं. ओढा पांढरा झाला. काठावर बायका उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो जेसीबीचा दोष," तो म्हणाला.

"बरं. आता सगळं गेलं क्लाउडवर. तुझ्या मनासारखं झालं. आन जेसीबी परत आला. क्लाउड कुणाला इचारणार?"

"...हेड ऑफिसला."

"आन हेड ऑफिस?"

"मी दुसरी लाइन घेणार आहे. जनरेटर बसवणार आहे. मी स्वतः तिथं..."

"तू स्वतः."

"मी आहे ना, आक्का. मी असताना..."

वाक्य पुरं झालं नाही. खांबाला टेकलेलं डोकं तिथंच राहिलं, तोंड किंचित उघडं पडलं. बोलता बोलता माणूस झोपला होता.

आक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. कानामागचे केस पार पांढरे झाले होते. खालच्या पापण्या सुजल्या होत्या. याच्या वयाच्या माणसाचा चेहरा असा नसावा.

फोन पुन्हा वाजला. तो हलला नाही.

आक्कांनी चिंचेचा हात लुगड्याला पुसला, फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"साहेब, परत अडकलं बघा..."

"साहेब न्हाईत."

"कुठं गेले?"

"वर गेले."

...

"म्हंजे वो?"

"म्हंजे गेले. आत्ताच."

सातगोंडा ताडकन सरळ झाला. आक्कांनी ओठावर बोट ठेवलं आणि असा काही डोळा वटारला, की पंचवीस वर्षांमागचा शिकाऊ उमेदवार जागच्या जागी बसला.

पलीकडं टँकरच्या इंजिनाची घरघर चालू होती. मग खोत मामांचा आवाज फुटला.

"आरं देवा... आत्ता घटकाभरापूर्वी तर बोललो की! लई जीव हुता वो त्यांचा संघावर. झोपंत सुदीक फोन उचलायचे..."

सातगोंडाचे डोळे भरून आले. स्वतःच्याच मरणाचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

"बाई," खोत मामांनी नाक ओढलं. "असल्या टायमाला इचारू न्हाई... पर जाताना कुलूप खोलायचा पासवर्ड सांगून गेले का?"

"न्हाई."

"लिवून?"

"न्हाई."

"मग आता कुणाला इचारायचं वो? हितं टँकर ऊन खात उभं हाईत. कालच्यापरीस आज लईच तापलंय."

आक्कांनी फोन सातगोंडासमोर धरला. बोलल्या मात्र हळू.

"सांग. कुणाला?"

त्यानं तोंड उघडलं.

हाताखालच्या पोरांना? त्यांना त्यानं कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. चेअरमनना? त्यांना मशीन चालू कुठून करतात तेही ठाऊक नव्हतं. कंपनीला? उद्या क्लाउडवर गेलो तरी कंपनी आपल्यालाच विचारणार, हा तुमचाच का... आणि हो म्हणायला घरात कुणी नव्हतं.



टँकरची घरघर ऐकू येत होती.

"बाई? हाय का लाइनवर?"

सातगोंडानं फोन घेतला.

"मामा... मी बोलतोय."

पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला.

"मामा, घाबरू नका. आहे मी. आक्कांनी आपलं..."

"आयला, साहेब! जित्ते हाईसा?" खोत मामा रडत होते का हसत होते, कळेना. "लई ब्येस झालं. आता पासवर्ड सांगा आधी."

सातगोंडानं लॅपटॉप ओढला. कुलूप काढलं. रोज तो इथंच थांबायचा. आज बोटं तशीच की-बोर्डवर राहिली. मग त्यानं अधिकारांची यादी उघडली, दोन नावं घातली, एकदा वाचली, आणि डोळे मिटून बटण दाबलं.

"मामा, आता तुमचं अडकलं तर लॅबच्या शेवंताबाई खोलतील, त्यांचं अडकलं तर तुम्ही. तसा अधिकार दोघांनाही दिलाय. त्या दाखवतील कसं करायचं ते."

"आन तुमाला फोन?"

सातगोंडानं लॅपटॉप मिटला.

"नको."

फोन ठेवला. टेकडीखालून एसटीचा हॉर्न आला आणि विरला.

"खोटं बोललात, आक्का."

"खोटं न्हाई. जरा आधी सांगितलं."

त्याला हसू आलं नाही. तोंडावरून हात फिरवत तो भिंतीशी बोलावं तसा बोलायला लागला.

"ठसा कंपनीकडं ठेवायचा. तिथंच तपासू दे. हेड ऑफिस बुडालं तरी डॉक चालेल... उद्या तसंच सांगतो मंडळाला. माझंच म्हणणं मागं घेतो."

"आन ही एकदाच लॉगिन करायची भानगडच बिघडली तर?"

"या सगळ्याच्या बाहेरची दोन खाती ठेवीन. नुसती अडल्या वेळेची. त्यांचे पासवर्ड पाकिटात घालून, लाखेनं बंद करून."

"कुणापाशी?"

"एक चेअरमनपाशी..."

"चेअरमन दुपारचा फोन उचलतो?"

"...नाही." तो थांबला. "एक खोत मामांपाशी. एक शेवंताबाईंपाशी."

"आन तुझ्यापाशी?"

त्याचा हात फोनवर होता. फोन गप्प होता. इतका वेळ तो गप्प राहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. टँकर रिकामे होत असतील, पावत्या निघत असतील, आणि त्यातल्या कुणालाही या क्षणी मगदूम साहेब नको होते.

"नाही ठेवत," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

आक्कांनी हातातली चिंच सुपात टाकली.

"मग मी कोण राहिलो, आक्का?" त्यानं वर बघितलं. "वीस-पंचवीस वर्षं घातली हो त्या संघात. पोरांची शाळा बघितली नाही, बायकोचं दुखणं बघितलं नाही. माझ्याशिवाय तिथं पान हलत नव्हतं. आता... माझं तिथं उरलं काय?"

आक्कांनी चिंचेचं सूप बाजूला सारलं. खुंटीवरची घोंगडी काढली, झटकली, आणि ओसरीच्या सावलीतल्या कोपऱ्यात अंथरली.

"मेलेल्यानं एवढं इचारायचं नसतं, सातू. पड हितं."