न विचारता वाढलेली मजुरी

ऐका मुलांनो, आणि हातातलं काम घडीभर बाजूला ठेवून थोरांनीही ऐका. खूप खूप वर्षांमागे एका राज्यात एक तेलीणबाई होती. नवऱ्याच्या माघारी तीच तेलाचा घाणा चालवी. घाण्यावर एक बैल आणि येसबा नावाचा एकच गडी.

दसरा झाला आणि गावात दवंडी फिरली, "उद्यापासून प्रत्येक गड्याला दीडपट मजुरी. जो देणार नाही त्याचा घाणा जप्त."

तेलीणबाईनं कपाळाला हात लावला. येसबाला चार पैसे जास्त मिळावेत हे तिच्याही मनात होतं. पण दिवाळीचं तेल सगळेच तेली गणपतीत बोलून ठेवत. इसार घेतलेला, भाव ठरलेला, शब्द दिलेला. आता भाव वाढवावा तर शब्द मोडतो, न वाढवावा तर मजुरी द्यायची कुठून?

येसबा म्हणाला, "वैनी, मी जुन्याच मजुरीवर येतो. कोण बघायला येतंय?"

"देव बघतो. आणि त्याच्याआधी शिपाई बघतो," ती वैतागून म्हणाली. "तू बस घरी. मी दरबारात जाऊन येते."

दरबारात पहारेकऱ्यानं तिला कारकुनाकडे धाडलं, कारकुनानं प्रधानजींकडे, आणि प्रधानजींनी परत पहारेकऱ्याकडे. शेवटी ती पायरीवरच फतकल मारून बसली. "महाराज बाहेर येईपर्यंत मी हलायची नाही. माझा आज उपासच आहे, मला जेवायची घाई नाही."

राजा बाहेर आला. सगळं ऐकून म्हणाला, "बाई, मजुरी वाढवली हे चुकलं का माझं?"

"नाही महाराज, पुण्याचंच काम केलंत. पण आधी आम्हाला विचारायचं तरी."

"विचारलं होतं की," प्रधानजी मध्येच म्हणाले. "बुधवारी सभा बोलावली, तर एक तेली फिरकेल तर शपथ."

"बुधवारी घाणा चालू असतो, प्रधानजी. मध्येच सोडला तर घातलेला माल वाया जातो. महादेवाचा वार म्हणून सोमवारी आमच्या बैलांना सुट्टी, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तेवढा एक वार सोडून बाकीचे बरे दिसले तुम्हाला."

प्रधानजी पागोटं सावरू लागले. राजा खजील झाला. "ठीक आहे, हुकूम मागे घेतो."

"आता मागे कशाला घेता?" तेलीणबाईनं हातच जोडले. "माझ्या येसबानं काय पाप केलंय? तुळशीचं लग्न होऊ द्या. तोवर आमचा जुना शब्द पुरा होतो, मग नवा भाव बोलता येतो. त्यानंतर खुशाल दीडपट द्यायला लावा."

राजानं तसंच केलं. येसबा घाण्यावर परतला आणि तुळशीचं लग्न लागल्यावर वाढीव मजुरी घरी नेऊ लागला.

पण पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तेल्यानं दवंडीच्या धसक्यानं बैल केव्हाच विकून टाकला होता. त्याचे गडी परमुलखात गेले, ते काही माघारी आले नाहीत. हे कळलं तेव्हा राजाला ताटावरून उठावंसं वाटलं. पुढच्या सोमवारी तो स्वतः तेलीआळीत आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मनात आणखी एक गोष्ट आहे. तुम्हाला ती कुठे अडेल, तेवढं आधी सांगा."

असा ऐकणारा राजा देव तुम्हाआम्हालाही देवो.

तात्पर्य: काम कितीही पुण्याचं असो, ते ज्याच्या हातून व्हायचं त्याला आधी विचारावं.